पटकीचा जंतू आणि त्याचे पाहुणे

आमच्या घरात त्या आजाराला हैजा म्हणत. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडे तीच पटकी होती आणि चावडीवर येणाऱ्या सरकारी कागदांत कॉलरा. आमचं गाव पंढरीच्या वाटेवरचं. आषाढीची गर्दी ओसरली की मागोमाग हा आजार यायचा, असं दादी सांगायची. तिच्या लहानपणी एका पावसाळ्यात गावातली इतकी माणसं गेली, की जनाज्याला आणि तिरडीला खांदा देणारे पुरेनात. वेशीबाहेर मरीआईचा गाडा ओढला गेला, मशिदीत दुआ मागितली गेली. हे सगळं सांगून झालं की दादी म्हणायची, "नावं वेगळी होती रे, विहीर एकच होती."

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याचा योग कॉलेजात कधी आला नाही. जंतूंच्या इतिहासात मी शिरलो तो शब्दांच्या मागे जाता जाता. पटकीला मराठीत आणखी एक जुना शब्द आहे, मोडशी. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या आजाराचं वर्णन केलं आहे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात, अरब काय म्हणतात, याचीही नोंद केली आहे. आपली मोडशी पोर्तुगीजांच्या तोंडी 'मोर्देशीं' झाली. पुढे फ्रेंचांनी तो शब्द ऐकला आणि त्यांच्या कानाला तो 'मॉर द शियाँ' वाटला, म्हणजे कुत्र्याचं मरण. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेला आणि जाताना त्याने आपलं रूपच नव्हे, अर्थही बदलला.

मला वाटलं होतं, की बदलतात ती नावं. ज्याची ही नावं आहेत तो जंतू मात्र ठाम असणार. वाचत गेलो तसं कळलं, की तसं नाही. जंतूही शब्दांसारखाच देवघेव करतो. इतकी, की कॉलऱ्याचा जंतू म्हणजे नेमका कोण, हे ठरवायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षं लागली. आज सांगायची आहे ती या शोधाची हकिगत.

१८५४ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी या डॉक्टरने कॉलऱ्याने मेलेल्यांच्या आतड्यात एक वाकडा, वळवळणारा जंतू पाहिला. त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८८३ मध्ये इजिप्तमध्ये मोठी साथ आली, तेव्हा जर्मनीचा रॉबर्ट कॉख अलेक्झांड्रियाला गेला आणि तिथून कलकत्त्याला आला. कलकत्त्यात त्याला रुग्णांच्या आतड्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यातही तोच जंतू सापडला. १८८४ च्या फेब्रुवारीत त्याने बर्लिनला अहवाल पाठवला. जंतूचा आकार लिखाणातल्या स्वल्पविरामासारखा होता. त्याचं शास्त्रीय नाव आज व्हिब्रिओ कॉलरी असं आहे.

कॉखच्या काळाचा विश्वास असा, की एका रोगाचा एक जंतू. चोर सापडला, खटला संपला. पण खटला संपत नव्हता. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर या वृद्ध प्राध्यापकाने १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंनी भरलेलं पाणी सगळ्यांसमक्ष पिऊन दाखवलं. त्याला थोडे जुलाब झाले, एवढंच. एकच जंतू एका गावात शेकडो माणसं मारतो आणि दुसरीकडे पोटात जाऊनही फार काही करत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

दुसरा पेच पडला तो सिनाईच्या किनाऱ्यावर, एल टोर या ठिकाणी. हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंना तिथे अडवून ठेवत आणि आजार नाही याची खात्री पटल्यावरच पुढे जाऊ देत. तंबू, पहारा आणि वाट पाहणं. तिथे १९०५ साली गोटश्लिश नावाच्या जर्मन डॉक्टरने मरण पावलेल्या काही यात्रेकरूंच्या आतड्यांतून जंतू वेगळा काढला. चाचणीत तो कॉलऱ्याचाच ठरत होता. पण या माणसांना कॉलरा झालेलाच नव्हता. ते दुसऱ्याच आजारांनी गेले होते. मग हा जंतू कॉलऱ्याचा म्हणायचा की नाही? वाद अनेक दशकं चालला. जंतूला त्या जागेचं नाव चिकटलं आणि 'एल टोर' हा कॉलऱ्याच्या जंतूचा निरुपद्रवी चुलतभाऊ आहे, असं बहुतेकांनी धरून चाललं.

या चुलतभावाने पुढे काय केलं ते बघा. १९३७ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर त्याने माणसं मारली. १९६१ मध्ये त्याच बेटावरून तो निघाला आणि १९६४ पर्यंत भारतात पोचला. १९७० मध्ये आफ्रिका, १९९१ मध्ये पेरू. कॉलऱ्याची ही सातवी जागतिक साथ, आणि ती अजूनही संपलेली नाही. एल टोरचा आजार हाही कॉलराच मानावा, असं जागतिक आरोग्य परिषदेने १९६२ मध्ये ठरवलं, तेव्हा तो प्रवासाला निघूनही गेला होता. एक शहाणपण मात्र यातून आलं. ज्वारीचे जसे वाण असतात, मालदांडी वेगळी आणि हायब्रीड वेगळी, तसे जंतूचेही वाण असतात. नाव एक, पण गुण वेगळे. प्रश्न उरला तो असा, की वाणावाणांत हा फरक येतो कुठून?

त्याचं उत्तर शोधण्याआधी जंतू माणसाला मारतो कसा, हे कळायला हवं होतं. ते कळलं कलकत्त्यात. शंभूनाथ डे हे हुगळी जिल्ह्यातल्या एका लहान गावात १९१५ मध्ये जन्मलेले डॉक्टर. कॉलऱ्याचा जंतू विष तयार करत असावा, अशी शंका खुद्द कॉखने बोलून दाखवली होती. पण ते विष कुणाला सापडत नव्हतं. बहुतेक संशोधक ते मेलेल्या जंतूंच्या शरीरात शोधत होते. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून घेतला आणि त्या बंद पिशवीत जंतूंचा द्रव सोडला. पिशवी पाण्याने टरारून फुगली. मग १९५९ साली त्यांनी आणखी साधी गोष्ट केली. जंतू ज्या द्रवात वाढले होते तो द्रव गाळून घेतला. आता त्यात एकही जंतू नव्हता. तो नुसता गाळलेला द्रव आतड्यात सोडला, तरी आतडं तसंच फुगलं. विष जंतूच्या पोटात नव्हतं. जंतू ते बाहेर टाकत होता.

कॉखने शंका घेतल्यापासून हे सिद्ध व्हायला पंचाहत्तर वर्षं गेली. साधनं काय होती? ससे, दोरा आणि गाळणी. 'नेचर' या नियतकालिकात तो निबंध आला. अमेरिकेतले नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं. १९७८ मध्ये नोबेल संस्थेने कॉलऱ्यावर भरवलेल्या परिसंवादाला डे यांना बोलावलं. आपल्या देशात मात्र त्यांच्या वाट्याला मोठा मान आला नाही. १९८५ मध्ये ते गेले. आपल्याकडे सलाईन लावलेल्या माणसाचा जीव वाचतो तेव्हा त्यामागे कुणाकुणाची पुण्याई असते, हे त्याला माहीतच नसतं. मी म्हणतो, निदान नाव तरी घेत जावं.

विष सापडलं. हे विष म्हणजे एक प्रथिन आणि प्रथिनाची कृती लिहिलेली असते जनुकात. ही कृती काही वाणांकडे असते, काहींकडे नसते. नद्यांत, खाड्यांत, तळ्यांत राहणारे याच जातीचे बहुतेक जंतू विष बनवतच नाहीत. दिसायला सगळे सारखे. मग एकाला विषाची विद्या आणि दुसऱ्याला नाही, असं का?

आपण माणसं वारशाने विचार करतो. बापाचं नाक मुलाला, आईचे डोळे मुलीला. जंतूंच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो, हे पहिल्यांदा १९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ याच्या ध्यानात आलं. न्यूमोनियाच्या जंतूचे दोन वाण त्याच्याकडे होते, एक मारक आणि एक निरुपद्रवी. मारक वाणाचे जंतू उष्णतेने मारून त्याने जिवंत निरुपद्रवी जंतूंबरोबर उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत, मारक जंतू सापडले. मेलेल्यांची विद्या जिवंतांनी उचलली होती. ती विद्या डीएनएत असते, हे १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यानंतर १९४६ मध्ये याच लेडरबर्ग यांनी एडवर्ड टेटम यांच्याबरोबर, एक जिवाणू दुसऱ्याला थेट जनुकं देऊ शकतो, हे सिद्ध केलं.

प्रयोगशाळेतली ही गंमत रुग्णालयात किती महाग पडू शकते, ते जपानने शिकवलं. युद्धानंतर तिथे रक्ती आवेच्या साथी येत. १९५० च्या दशकात असे जंतू दिसू लागले, की ज्यांच्यावर चार-चार औषधं एकाच वेळी चालत नव्हती. जंतूत अचानक बदल होऊन एखाद्या औषधाला तो दाद देईनासा होतो, हे माहीत होतं. पण चारही औषधांना एकदम? १९५९ मध्ये, म्हणजे डे यांचा निबंध आला त्याच वर्षी, ओचियाई आणि अकिबा या जपानी संशोधकांनी दाखवलं, की औषध पचवण्याची ताकद आतड्यातल्या साध्या जिवाणूकडून रक्ती आवेच्या जिवाणूकडे सरळ हस्तांतरित होते. मूळ गुणसूत्राबाहेर डीएनएचं एक छोटं कडं असतं. त्याला प्लाझमिड म्हणतात. त्या कड्यावर औषधविरोधी जनुकांची माळच ओवलेली असते. किल्ल्यांचा जुडगा शेजाऱ्याच्या हाती द्यावा तसं हे कडं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं आणि दुसरा त्याच्या जातीचाच असला पाहिजे, असंही नाही.

जनुकं वाहून नेण्याचं दुसरं वाहन म्हणजे फाज. हा जिवाणूला लागणारा विषाणू. कॉलऱ्याशी त्याचं नातं जुनं आहे आणि तेही आपल्याच देशातलं. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात असं काही आहे, जे कॉलऱ्याचे जंतू मारतं. पुढे अनेकांनी त्याचा संबंध फाजशी जोडला. फाजला नाव देणारा फेलिक्स देरेल १९२७ मध्ये भारतात आला आणि त्याने पंजाबात कॉलऱ्याच्या रुग्णांवर फाजचा उपचार करून पाहिला. म्हणजे फाज हा माणसाचा मित्र, शत्रूचा शत्रू. पण १९५१ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर फ्रीमन याने घटसर्पाच्या जंतूत उलटाच प्रकार पाहिला. निरुपद्रवी जंतूला एक फाज लागला, की तो विष बनवू लागतो! फाज प्रत्येक वेळी यजमानाला मारत नाही. कधी कधी तो त्याच्या गुणसूत्रात मुक्काम करतो आणि येताना शिदोरी घेऊन येतो.

कॉलऱ्याच्या बाबतीतही असंच असेल का, हा विचार काहींच्या मनात होता. तेवढ्यात मद्रासची घटना घडली.

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासमध्ये कॉलऱ्याचे रुग्ण येऊ लागले. लक्षणं सगळी कॉलऱ्याची, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, थंड पडलेले हात. पण जंतू तपासला तर चाचणी नाही म्हणत होती. ही चाचणी अशी, की काचेवर जंतू ठेवायचे, त्यावर ठराविक सिरमचा थेंब टाकायचा आणि गुठळ्या झाल्या तर कॉलरा म्हणायचं. साथीच्या कॉलऱ्याचा जंतू तो 'ओ १' गटाचाच, असा तोपर्यंतचा नियम. इथे गुठळ्या होत नव्हत्या. त्या वेळी माहीत असलेल्या १३८ गटांपैकी एकाही गटात हा जंतू बसेना. त्याला १३९ वा क्रमांक द्यावा लागला. कलकत्ता, मग बांगलादेश, असा तो काही महिन्यांत बंगालच्या उपसागराच्या काठाने पसरला. सगळ्यात काळजीची गोष्ट अशी, की आजारी पडणारे बहुतेक मोठ्या वयाचे होते. या भागात प्रौढांना लहानपणीच्या संसर्गामुळे थोडीफार प्रतिकारशक्ती असते. ती या वेळी कामाला आली नाही. आठवी जागतिक साथ सुरू झाली की काय, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली.

तपास झाल्यावर जे निघालं ते चकित करणारं होतं. हा कुणी नवा पाहुणा नव्हता. अंतरंगाने तो जुना एल टोरच होता. त्याने फक्त अंगरखा बदलला होता. जंतूच्या बाहेरच्या आवरणाची कृती सांगणारी जनुकांची एक रांग निघून गेली होती आणि तिच्या जागी दुसरीकडून आलेली मोठी रांग बसली होती. आपलं शरीर जंतूला ओळखतं ते अंगरख्यावरून. त्यामुळे शरीर फसलं आणि चाचणीही फसली. शिवाय त्याच्याजवळ डीएनएचा सुमारे १ लाख अक्षरांचा एक फिरता तुकडा होता. शास्त्रज्ञांनी त्याला एसएक्सटी असं नाव दिलं. कॉलऱ्यावर वापरात असलेली काही औषधं निकामी करणारी जनुकं त्यावर होती. एका जंतूने शेजाऱ्यांकडून वेषही घेतला आणि ढालही.

आणि विष? त्याचा उलगडा १९९६ मध्ये झाला. अमेरिकेत हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकलानोस यांनी विषाच्या जनुकाच्या जागी खूण म्हणून दुसरं एक जनुक बसवलं आणि ती खूण कुठे जाते ते पाहिलं. जंतू वाढले तो द्रव त्यांनी गाळला. एकही जंतू नसलेला तो द्रव विष नसलेल्या वाणांवर टाकला आणि खूण त्यांच्यात उतरली! कलकत्त्याला १९५९ मध्ये गाळलेल्या द्रवात विष होतं. सदतीस वर्षांनी गाळलेल्या द्रवात विषाची कृतीच प्रवास करताना सापडली. ती वाहून नेत होता सुतासारखा बारीक एक फाज. कॉलऱ्याचं विष मुळात कॉलऱ्याच्या जंतूचं नव्हतंच. ते पाहुण्याने आणलेलं होतं.

या पाहुण्याला घरात शिरायला दार लागतं. जंतूच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात आणि फाज तेच धरून आत जातो. याच धाग्यांच्या मदतीने जंतू माणसाच्या आतड्यात आपली वस्ती करतो. हे धागे बनवणारी जनुकंही बाहेरून आलेल्या एका तुकड्यावर आहेत. म्हणजे आधी एक पाहुणा आला, त्याने दार बसवलं. त्या दारातून दुसरा पाहुणा आला, त्याने विष आणलं. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की ही देवघेव काचेच्या नळीपेक्षा प्राण्याच्या आतड्यात अधिक जोरात होते. पेटेनकोफरच्या पेल्यापासूनचा पेच बराचसा यातून सुटतो. कॉलरा हा जंतूच्या नावात नसतो, तो त्याच्या सामानात असतो.

२००० साली या जंतूची सगळी जनुकलिपी वाचून झाली. दोन गुणसूत्रं, मिळून सुमारे ४० लाख अक्षरं. त्यातल्या लहान गुणसूत्रावर तर एक मोठी अडगळीची खोलीच निघाली, जिथे इकडून तिकडून जमवलेली जनुकं ओळीने रचून ठेवलेली आहेत. ही जमवाजमव कुठे होते? २००५ मध्ये कळलं, की खेकडे, कोळंबी आणि पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे त्यांचे भाईबंद यांच्या कवचावर हा जंतू बसला, की त्या कवचातल्या कायटिनमुळे त्याच्यात आजूबाजूचा मोकळा डीएनए आत ओढण्याची क्षमता जागी होते. २०१५ मध्ये त्यापुढचं दिसलं. कवचावर बसलेला जंतू शेजारच्या परक्या जंतूला सूक्ष्म भाल्याने भोसकून मारतो आणि त्याचा सांडलेला डीएनए गिळतो. ही देवघेव प्रत्येक वेळी राजीखुशीची असते, असं समजू नये.

खाडीच्या गढूळ पाण्यात हा बाजार अखंड चालू आहे. ओ १३९ ची भीती फार काळ टिकली नाही. तो आशियाबाहेर मोठा पसरला नाही आणि नंतर ओसरला. पण एल टोर बदलत राहिला. कॉखच्या काळापासूनचा जुना वाण, ज्याला 'क्लासिकल' म्हणतात, तो बांगलादेशातून १९९० च्या दशकात दिसेनासा झाला. मात्र तिथे २००१ पासून तपासलेल्या एल टोर जंतूंत जुन्या वाणाचं विषाचं जनुक आढळलं. घराणं बुडालं, पण त्यांची तलवार दुसऱ्याच्या कमरेला राहिली.

वाणांचा हा हिशेब शास्त्रज्ञांच्या हौसेपुरता नाही. तो न्यायाच्या कामीही येतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये हैतीत कॉलरा फुटला. तिथे त्याआधी शतकभर कॉलऱ्याची नोंद नव्हती. भूकंपाने मोडलेला देश. सुमारे ८ लाख माणसं आजारी पडली आणि जवळपास १० हजार मेली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीची घाण नदीत मिसळली, असं लोक म्हणत होते. पण गरिबाचं म्हणणं ऐकतं कोण? शेवटी हैतीतल्या आणि नेपाळमधल्या जंतूंची अक्षरं शेजारी शेजारी ठेवून वाचली गेली. ती जवळजवळ शब्दशः जुळली. छावणीतले सैनिक नेपाळहून आले होते. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. या वाचनाचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा. जंतूला देश नसतो, जात नसते. दोष त्या गरीब शिपायांच्या रक्ताचा नव्हता, मैल्याची वाट न लावणाऱ्या व्यवस्थेचा होता. सिनाईच्या तंबूत अडकलेले हाजी असोत की पंढरीच्या वाटेवरचे वारकरी, साथीचा दोष यात्रेकरूंच्या माथी मारणं सोपं असतं. त्यांना प्यायला स्वच्छ पाणी देणं अवघड असतं.

कवी म्हणून मला या सगळ्यात आमची भाषा दिसते. जखम फारसी आहे, दवाखाना अरबी-फारसी आहे, बादली पोर्तुगीज आहे, नर्स इंग्रजी आहे. "जखम झाली म्हणून दवाखान्यात गेलो, नर्सने बादलीभर पाणी आणलं," हे वाक्य मात्र अस्सल मराठी आहे. शुद्ध घराणं जसं भाषेत सापडत नाही, तसं जंतूतही नाही. फरक एवढाच, की भाषेतल्या देवघेवीने आपण श्रीमंत होतो आणि जंतूंच्या देवघेवीची किंमत आपल्याला मोजावी लागते. सर्दीपडशाला उगाच घेतलेली, अर्ध्यावर सोडलेली प्रत्येक प्रतिजैविकाची गोळी त्या बाजारात ढालींची मागणी वाढवते. यमनमध्ये २०१८ नंतर कॉलऱ्याच्या जंतूंत अनेक औषधं निकामी करणारं एक प्लाझमिड पसरलेलं आढळलं. जपानचा धडा साठ वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

मग जो जंतू सारखा वेष बदलतो, ढाली बदलतो, त्याच्यापुढे आपण हतबल आहोत का? नाही. ही हकिगत सांगण्यामागे माझा खरा हेतू हाच आहे. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी आणि क्षार बाहेर ओतायला लावतं. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण आतड्याला आणखी एक दार असतं, जिथून साखर आणि मीठ जोडीने आत येतं आणि पाण्याला बरोबर आणतं. हे दार विषाला बंद करता येत नाही. १९६८ मध्ये ढाक्यात या उपायाची रुग्णांवर परीक्षा झाली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा उसळला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून ते पाणी वाटलं. नातेवाइकांनीच ते रुग्णांना पाजलं. तिथल्या रुग्णांमधला शेकडा तीसच्या आसपास असलेला मृत्यूचा आकडा चाराच्या खाली आला. अंगरखा ओ १ चा असो की ओ १३९ चा, विष तेच असल्याने उपायही तोच. मद्रासच्या नव्या जंतूपुढे चाचणी हरली, पण मीठ-साखरेचं पाणी हरलं नाही. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रात मिळणारं ओआरएसचं पाकीट ते हेच.

आणखी एक साधा उपाय बांगलादेशातल्या बायकांनी करून दाखवला. अमेरिकन संशोधिका रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून त्यातून पाणी गाळलं, तर ज्यांच्या अंगावर हे जंतू बसून येतात ते बारीक जीव अडकतात. गावोगाव हा प्रयोग केल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. पाणी उकळणं किंवा शुद्ध करणं केव्हाही चांगलं. पण जिथे सरपणच नाही, तिथे आईची साडी कामाला आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आजही दर वर्षी १३ ते ४० लाख माणसांना कॉलरा होतो आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार माणसं त्याने दगावतात. ती मरतात ती प्रामुख्याने जिथे नळ नाही आणि संडास नाही, तिथे. जंतूचे पाहुणे मोजणं शास्त्रज्ञांनी चालू ठेवावं. ते फार मोलाचं काम आहे. आपण मात्र विहिरीकडे बघावं. आमच्या गावातली ती विहीर आता बुजवली आहे आणि नळाला पाणी येतं. ते येण्याआधी मी मात्र दादीला अनेकदा पाहिलं आहे, पावसाळ्यात घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधताना. तिला फाज माहीत नव्हता, प्लाझमिड माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "गाळून प्यावं. पाण्यात काय काय असतं, कुणी पाहिलंय?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)